बेल्का, स्ट्रेल्का आणि लायका : अंतराळात गेलेल्या कुत्र्यांना कोणी विचारलं होतं?



आजचा विषय वाचून काही जणांच्या कपाळावर आठी उमटली असेल. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत मुलांचा ॲनिमेशनपट कुठून आला, असं वाटणं साहजिक आहे. पण जरा आठवून पाहा. मागच्या व्याख्यानात आपण विश्वास या कल्पनेविषयी बोललो. विश्वासाला दोन टोकं असतात, एक ठेवणारा आणि एक पाळणारा, आणि सगळी जबाबदारी दुसऱ्या टोकावर येते, इथपर्यंत आपण पोचलो होतो. शेवटी एका ताईंनी विचारलं, "ज्याला बोलताच येत नाही, करार करताच येत नाही, त्याच्याशी असं नातं असू शकतं का?" वेळ संपली होती, म्हणून आम्ही उत्तर पुढे ढकललं. खरं सांगायचं तर तेव्हा आमच्याकडे उत्तर तयारही नव्हतं. ते आम्हाला पुढे या चित्रपटामुळे आणि आमच्या नातीमुळे सापडलं. म्हणून आज हा विषय.

चित्रपट इंग्रजीत 'स्पेस डॉग्ज' या नावाने ओळखला जातो. मूळ रशियन, २०१० सालचा. इन्ना येवलान्निकोवा आणि स्व्यातोस्लाव उशाकोव्ह हे त्याचे दिग्दर्शक. मूळ नावात बेल्का आणि स्ट्रेल्का ही दोन नावं आहेत. रशियन भाषेत बेल्का म्हणजे खार आणि स्ट्रेल्का म्हणजे छोटा बाण. या दोघी खऱ्या होत्या. १९ ऑगस्ट १९६० रोजी सोव्हिएत संघाने त्यांना पृथ्वीभोवती पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी सुखरूप खाली आणलं. चित्रपट आला तेव्हा त्या उड्डाणाला ५० वर्षं होत होती.

चित्रपटातली गोष्ट थोडक्यात अशी. बेल्का ही सर्कशीतली नावाजलेली कलावंत. स्ट्रेल्का मॉस्कोच्या रस्त्यावर वाढलेली भटकी. तिच्याबरोबर वेन्या नावाचा एक बडबड्या उंदीर. योगायोगांच्या मालिकेतून ही मंडळी अंतराळप्रवासाच्या प्रशिक्षण केंद्रात जाऊन पोचतात. तिथे काझबेक नावाचा कडक शिस्तीचा कुत्रा त्यांचा गुरुजी. स्ट्रेल्काचा असा समज आहे की तिचे वडील वर ताऱ्यांमध्ये आहेत, त्यामुळे तिला वर जायचंच आहे. आणि ही सगळी हकिगत सांगणारं कोण, तर अमेरिकेच्या व्हाइट हाउसमध्ये येऊन पोचलेलं एक रशियन पिल्लू.

हे शेवटचं ऐकून तुम्हाला वाटेल की हे तर नक्कीच लेखकाच्या डोक्यातून आलेलं. पण नाही, तोच भाग इतिहासाच्या सर्वांत जवळचा आहे. खऱ्या स्ट्रेल्काला पुढे सहा पिल्लं झाली. त्यातलं पुशिंका नावाचं एक पिल्लू १९६१ मध्ये ख्रुश्चेव्ह यांनी केनेडी कुटुंबाला भेट पाठवलं. तिथे केनेडींच्या चार्ली नावाच्या कुत्र्यापासून पुशिंकेला चार पिल्लं झाली. स्पुटनिकवरून केनेडी त्यांना गमतीने 'पपनिक' म्हणत.

नातीचा प्रश्न आणि आमचं उत्तर

आम्ही हा चित्रपट नातीबरोबर घरीच पाहिला. ती आठ वर्षांची आहे. चित्रपट तिला आवडला, उंदीर तर फारच आवडला. संपल्यावर ती म्हणाली, "आजोबा, आमच्या जीकेच्या पुस्तकात तर लायका आहे. अंतराळातली पहिली कुत्री. ती पण अशीच परत आली का?"

मंडळी, आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. सत्य म्हणजे काय यावर वर्गात तासन्‌तास बोललो. आणि त्या क्षणी आम्ही तिला काय सांगितलं? "लायका ना? ती वरच राहिली बाळा. तिला तिथेच आवडलं."

तिने मान डोलावली आणि ती खेळायला गेली. आम्हाला मात्र रात्री झोप लागेना. कारण आमच्या लक्षात आलं की हे वाक्य आम्ही पूर्वी कुठेतरी ऐकलेलं आहे.

नोव्हेंबर १९५७. आम्ही तेव्हा आठ वर्षांचे, गावातल्या शाळेत तिसरीत. गुरुजींनी वर्तमानपत्र उघडून सांगितलं की रशियाने एक कुत्री आकाशात पाठवली आहे. वर्गातला पहिला प्रश्न होता, "गुरुजी, तिला भाकरी कोण देणार?" रात्री आम्ही पोरं खळ्यात उताणी पडून सरकणारा तारा शोधायचो. एकदा एक ठिपका सरकताना दिसलाही. तो स्पुटनिकच होता की आणखी काही, देव जाणे, पण आम्ही त्याला हाका मारल्या. पुढे गुरुजींनी सांगितलं की ती कुत्री काही दिवस वर राहिली आणि मग तिला काहीही त्रास न होता झोप लागली. आम्हाला ते पटलं. गुरुजींनाही पटलेलं होतं.

इथे एक फरक लक्षात घ्या, कारण तो आपल्याला पुढे लागणार आहे. गुरुजींनी जे सांगितलं ते खोटं होतं, पण गुरुजी खोटं बोलले नाहीत. त्यांना मिळालेली बातमीच तशी होती. आम्ही नातीला जे सांगितलं ते मात्र माहीत असून सांगितलं.

लायकाचं खरोखर काय झालं

४ ऑक्टोबर १९५७ रोजी पहिला स्पुटनिक वर गेला आणि जग थक्क झालं. ख्रुश्चेव्ह यांना ऑक्टोबर क्रांतीच्या ४० व्या वर्धापनदिनाच्या आत आणखी एक चमत्कार हवा होता. इंजिनियरांच्या हातात जेमतेम चार आठवडे होते. एवढ्या वेळात सजीवाला वर नेणारं यान उभं करता येत होतं. त्याला परत आणणारं यान करता येत नव्हतं, ते तंत्रच तेव्हा कुणाकडे नव्हतं. म्हणजे ३ नोव्हेंबर १९५७ रोजी लायका निघाली तेव्हा ती परतणार नाही, हे तिला पट्ट्यांनी बांधणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. पुढे या मोहिमेविषयी कुणी 'अपघात' हा शब्द वापरला तर तो चुकीचा आहे. तिचा मृत्यू आराखड्यातच लिहिलेला होता.

लायका ही मॉस्कोच्या रस्त्यावरून उचललेली, साधारण तीन वर्षांची कुत्री. लायका म्हणजे भुंकणारी. भटकीच कुत्री निवडायची, कारण थंडी आणि उपासमार सोसून ती काटक झालेली असतात. वजन सहा-सात किलोंपर्यंतच, कारण यान लहान. मादीच, कारण मलमूत्र गोळा करायचं साधन मादीला बसवणं सोपं. सवय व्हावी म्हणून त्यांना आधी लहान पिंजऱ्यात, मग आणखी लहान पिंजऱ्यात असं दिवसच्या दिवस ठेवत. गरगर फिरवणाऱ्या यंत्रात बसवत. अन्न जेलीसारखं घट्ट, पाणी त्यातच मिसळलेलं.

उड्डाणाआधी डॉ. व्लादिमिर याझदोव्स्की यांनी लायकाला आपल्या घरी नेलं. त्यांच्या मुलांबरोबर ती खेळली. तिच्यासाठी काहीतरी चांगलं करावं, असं त्यांना वाटलं होतं, कारण तिच्याकडे फार दिवस उरले नव्हते. हे त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे.

उड्डाणाच्या वेळी तिच्या हृदयाचे ठोके नेहमीच्या दुपटीहून जास्त झाले, आणि ते पूर्ववत व्हायला सुमारे तीन तास लागले. यानातलं तापमान वाढत गेलं. काही तासांतच तिच्या शरीराकडून येणारे संकेत थांबले. ती उष्णतेने गेली. ही गोष्ट जगाला कधी कळली? २००२ मध्ये. अमेरिकेतल्या ह्यूस्टन इथे भरलेल्या अंतराळ परिषदेत दिमित्री मालाशेन्कोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने ती मांडली. ४५ वर्षं जगाला सांगितलं जात होतं की ती काही दिवस मजेत जगली आणि वेदनेविना गेली. तिचं निर्जीव शरीर घेऊन ते यान मात्र फिरत राहिलं, ते १४ एप्रिल १९५८ ला वातावरणात शिरून जळून गेलं.

बेल्का-स्ट्रेल्काच्या वेळी काय बदललं

आता आपल्या चित्रपटाच्या नायिकांकडे येऊ. कुत्र्यांना रॉकेटमधून वर पाठवण्याचं काम लायकाच्याही आधी, १९५१ पासून चालू होतं. २२ जुलै १९५१ रोजी देझिक आणि त्सिगान ही दोन कुत्री सुमारे १०० किलोमीटर उंचीवर जाऊन जिवंत परतली. आठवड्याभरात देझिकला पुन्हा पाठवलं, लिसा नावाच्या दुसऱ्या कुत्रीबरोबर. हवाई छत्री उघडली नाही, दोन्ही गेली. त्यानंतर त्सिगानला पुन्हा उडवलं नाही. ब्लागोन्राव्होव्ह या शास्त्रज्ञाने त्याला घरी नेऊन पाळलं.

बेल्का-स्ट्रेल्काच्या फक्त तीन आठवडे आधी, २८ जुलै १९६० रोजी, तशाच यानातून बार्स आणि लिसिच्का निघाल्या होत्या. रॉकेट सुटल्यावर काही क्षणांत सगळं कोसळलं. लिसिच्कावर मुख्य अभियंता कोरोलेव्ह यांचा फार जीव होता, असं त्यांचे सहकारी सांगत.

मग १९ ऑगस्ट. बेल्का आणि स्ट्रेल्का, त्यांच्याबरोबर उंदीर, माश्या, रोपं, बिया. म्हणजे चित्रपटातला वेन्याही अगदीच हवेतून आलेला नाही! यानात टीव्हीचा कॅमेरा होता. सुरुवातीला दोघी निपचित होत्या, नंतर हालचाल दिसली. चौथ्या फेरीत बेल्का अस्वस्थ झाली, तिला उलटी झाली. ही बारीकशी नोंद महत्त्वाची ठरली. माणसाला पहिल्यांदा पाठवायचं तेव्हा एकाच फेरीत परत आणायचं, या निर्णयामागे तीही होती. १२ एप्रिल १९६१ ला गागारिन यांनी एकच फेरी मारली, त्यामागे बेल्काची उलटी आहे.

म्हणजे लायका आणि बेल्का-स्ट्रेल्का यांच्यात फरक काय? रस्त्यावरची कुत्री दोन्हीकडे, लहान पिंजरे दोन्हीकडे, धोका दोन्हीकडे. फरक एवढाच की बेल्का-स्ट्रेल्काच्या यानात परतीची सोय केलेली होती. ती फसूही शकली असती. १ डिसेंबर १९६० ला प्चोल्का आणि मुश्का यांच्या वेळी ती फसली आणि दोघी गेल्या. पण सोय केलेली होती. सोय करून अपयश येणं आणि सोयच न करणं, या दोन नैतिकदृष्ट्या वेगळ्या गोष्टी आहेत. हा मुद्दा मनात ठेवा.

चित्रपटातलं खोटं नेमकं कुठे आहे

आता कुणी म्हणेल, चित्रपटात कुत्री बोलतात, तेच मुळात खोटं आहे. नाही मंडळी. ते खोटं नाही, तो संकेत आहे. पंचतंत्रात कोल्हा बोलतो, इसापाकडे कावळा बोलतो. आठ वर्षांचं मूलही त्याला फसत नाही. आमची नात सोसायटीतल्या कुत्र्याकडून उत्तराची अपेक्षा करत नाही.

खोटं दुसरीकडे आहे, आणि ते गोड असल्यामुळे सहज निसटतं. चित्रपट म्हणतो की त्यांना जायचं होतं. स्ट्रेल्काला वडील शोधायचे होते म्हणून ती गेली. म्हणजे चित्रपटाने कुत्र्यांना नुसती वाचा दिली नाही, इच्छा दिली. आणि इच्छा आली की पाठोपाठ संमती येते. ती स्वतःहून गेली, मग पाठवणाऱ्याकडे जबाब कसला मागायचा?

खऱ्या कुत्र्यांची इच्छा काय होती, याचा थोडासा पुरावा इतिहासात आहे. १९५१ च्या सप्टेंबरमधली गोष्ट. उड्डाणाच्या तोंडावर बोबिक नावाचा कुत्रा पळून गेला. मग तिथेच भटकणारं दुसरं कुत्रं पकडून आणलं, त्याला 'झिब' नाव दिलं. पळालेल्या बोबिकची बदली, या अर्थाच्या रशियन शब्दांची ती आद्याक्षरं. झिब बिचारं काही तयारी नसताना वर जाऊन आलं. आम्हाला विचाराल तर बोबिकने आपलं मत अगदी स्पष्ट नोंदवलं होतं.

पण दुसरी गोष्ट याहून विचार करायला लावणारी आहे. स्मेलाया नावाची एक कुत्री होती. स्मेलाया म्हणजे धीट. तीही उड्डाणाच्या आदल्या दिवशी पळाली. आणि दुसऱ्या दिवशी आपणहून परत आली. मग तिला यानात बसवलं.

आता सांगा, ती परत आली म्हणजे तिने संमती दिली का? उड्डाण म्हणजे काय हे तिला कळणं शक्यच नव्हतं. जे कळत नाही त्याला संमती देता येत नाही. मग ती का आली? कारण तिथे अन्न देणारे हात होते, ओळखीचे आवाज होते. ती माणसांवरच्या भरवशाने परत आली.

मागच्या वेळी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. संमतीला भाषा लागते, समज लागते. विश्वासाला यातलं काही लागत नाही. तान्हं बाळ आईच्या खांद्यावर मान टाकतं तेव्हा त्याने कोणता करार केलेला असतो? विश्वास ठेवणारा अबोल असू शकतो. म्हणून पाळणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही. उलट ती वाढते, कारण अबोल जीव हिशेब मागायला कधी येणार नाही.

वेदना आणि विश्वास

इथे आपल्या सगळ्यांना महाभारतातला एक प्रसंग आठवला असेल. महाप्रस्थानाला निघालेल्या पांडवांच्या मागे हस्तिनापुरापासून एक कुत्रा चालत येतो. वाटेत द्रौपदी पडते, एकेक भाऊ पडतो. शेवटी युधिष्ठिर आणि कुत्रा एवढेच उरतात. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, तू चल, पण कुत्र्याला स्वर्गात जागा नाही. युधिष्ठिर ठामपणे नकार देतो.

त्याने दिलेलं कारण नीट पाहा. कुत्र्याला इथे सोडलं तर त्याला थंडी वाजेल, तो उपाशी मरेल, असा युक्तिवाद तो करत नाही. तो म्हणतो की जो आपल्या आश्रयाला आला, जो आपल्यावर निष्ठा ठेवून आहे, त्याला सोडणं हे मोठं पाप आहे. आणि त्या कुत्र्याने स्वर्ग मागितलेला नव्हताच. तो फक्त मागे चालत आला होता. युधिष्ठिराला तेवढं पुरेसं होतं.

पाश्चात्य परंपरेत प्राण्यांच्या बाजूने सर्वांत गाजलेला प्रश्न बेंथॅमचा. १७८९ मध्ये त्याने म्हटलं की प्राण्यांना तर्क करता येतो का, बोलता येतं का, हे विचारू नका. त्यांना यातना होतात का, एवढं विचारा. हा प्रश्न मोठाच आहे, त्याने कायदे बदलले. पण एकट्या त्या प्रश्नावर थांबलो तर एक पळवाट उरते. सोव्हिएत बातमीने नेमकी तीच घेतली. यातना झाल्या नाहीत असं सांगितलं की प्रकरण मिटलं! आमच्या गुरुजींच्या वर्गात ते तसंच मिटलं होतं.

समजा, ती बातमी खरी असती. लायका खरोखर आठवडाभर जगून झोपेतच गेली असती. तरी काही चुकलं असतं का? आमचं उत्तर आहे, हो. वेदना नसली तरी विश्वासघात राहिला असता. आदल्या दिवसांत तिला घरी नेणाऱ्या डॉक्टरांना हे आतून ठाऊक असणार. नाहीतर जिला काही त्रासच होणार नाही तिच्यासाठी 'काहीतरी चांगलं' करावंसं का वाटेल?

कांटचं नाव प्राण्यांच्या बाबतीत सहसा चांगल्या अर्थाने घेतलं जात नाही. प्राण्यांप्रति आपलं थेट कर्तव्य नाही, असं तो मानत असे. पण नीतिशास्त्रावरच्या त्याच्या व्याख्यानांत एक उदाहरण आहे. कुत्र्याने दीर्घकाळ इमानाने चाकरी केली असेल तर तो म्हातारा झाल्यावर मालकाने त्याला मरेपर्यंत सांभाळावं. ज्याच्या सिद्धांतात कुत्र्याला जागा नव्हती, त्यालाही हे वगळता आलं नाही. सिद्धांत अडखळतो तिथेच बहुधा खरी गोष्ट असते, असं आमचं शिकवण्याच्या दिवसांपासूनचं मत आहे.

आणि ज्यांनी हे प्रयोग केले त्यांचं काय? लायकाच्या प्रशिक्षणात सहभागी असलेले ओलेग गाझेन्को यांनी १९९८ मध्ये जाहीरपणे खेद व्यक्त केला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की जसजसा काळ जातो तसतसं वाईट जास्त वाटतं, आणि तिच्या मृत्यूचं समर्थन व्हावं इतकं त्या मोहिमेतून आम्ही शिकलोही नाही. मंडळी, हे बोलायला एका शास्त्रज्ञाला ४१ वर्षं लागली. पण तो बोलला.

आता दुसरी बाजू सोडून चालणार नाही. आम्ही रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घेतो. अशा औषधांच्या मागे प्रयोगशाळेतले प्राणी असतात. तेव्हा 'प्राण्यांवर प्रयोग म्हणजे पापच' असं म्हणून मोकळं व्हायचा अधिकार आम्हाला नाही. बेल्काच्या त्या उलटीने एका माणसाचा जीव कदाचित सुरक्षित झाला, हेही खरं. पण प्रयोग करायचाच असेल तर कसा, हा प्रश्न उरतोच. रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये तीन सूत्रं मांडली : जमेल तिथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग शोधा, प्राण्यांची संख्या कमी करा, त्रास कमी करा. आपल्याकडचा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा, म्हणजे बेल्का-स्ट्रेल्काच्याच वर्षाचा. यांत आम्ही आपली एक भर घालतो : जे केलं ते खरं सांगा. ज्याचा जीव घेतला त्याची निदान हकिगत तरी खोटी करू नका.

शेवटी दोन प्रश्न

वेळ होत आली आहे. समोरून चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यातल्या दोन घेतो.

पहिली चिठ्ठी : "मग मुलांना हा चित्रपट दाखवायचा नाही का?"

दाखवा ना! जरूर दाखवा. बेल्का आणि स्ट्रेल्का खरोखर परत आल्या, आणि परत येण्याच्या गोष्टीचा आनंद मुलांना मिळायलाच हवा. फक्त चित्रपट संपल्यावर टीव्ही बंद करून तीन वाक्यं बोला. खऱ्या कुत्र्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांचा माणसांवर विश्वास होता. काही वेळा माणसांनी तो पाळला, काही वेळा नाही. आठ वर्षांच्या मुलाला एवढं पेलतं. लासे हाल्स्ट्रोम यांचा 'माय लाइफ ॲज अ डॉग' हा १९८५ चा स्वीडिश चित्रपट आठवतो का? त्यातल्या मुलाची आई आजारी आहे, आणि तो वारंवार लायकाचा विचार करतो. मोठ्यांनी झाकून ठेवलेल्या गोष्टी मुलं आपापल्या परीने सोसतच असतात. आपण खरं सांगितलं तर निदान ती एकटी पडत नाहीत.

दुसरी चिठ्ठी : "तुम्ही नातीला नंतर खरं सांगितलंत का?"

सांगितलं. हा प्रश्न येणार याची आम्हाला थोडी धास्ती होतीच. दोन दिवसांनी तिला जवळ बसवलं आणि म्हणालो, "परवा आजोबांनी तुला लायकाबद्दल खोटं सांगितलं. ती परत आली नाही. तिला परत आणायची सोयच केली नव्हती. यान फार तापलं आणि ती गेली."

आम्हाला वाटलं, ती रडेल. ती रडली नाही. तिने विचारलं, "तिच्याजवळ पाणी होतं का?" आम्ही म्हणालो, होतं, खाण्यातच मिसळलेलं. मग तिने विचारलं, "एकटीच होती?" आम्ही म्हणालो, हो, एकटीच. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "परवा खोटं का सांगितलंत?"

आम्ही म्हणालो, तुला वाईट वाटेल म्हणून. ती म्हणाली, "वाईट तर वाटलंच ना आता."

मंडळी, यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पण एक सांगतो. भाकरीची चौकशी करणारी आमची तिसरी आणि पाण्याची चौकशी करणारी ही नात, यांच्यामध्ये जवळजवळ सत्तर वर्षं गेली, तरी मुलांचा प्रश्न तोच राहिला : तिची काळजी कोण घेत होतं? तत्त्वज्ञानाची पुस्तकं आम्ही पुष्कळ चाळली, पण लायकाच्या प्रकरणात विचारण्यासारखा याहून नेमका प्रश्न आम्हाला सापडलेला नाही.

पुढच्या व्याख्यानात आपण 'वचन' या कल्पनेकडे वळू. दिलेलं वचन परिस्थिती बदलल्यावरही बांधून ठेवतं का, हा प्रश्न घरून विचार करून या. आज एवढंच.